वखारीतली माफी

"माफी माग! मला घाटी म्हणतोस?" आमचा शेठ डहाणूच्या चिकूच्या वखारीत असा गरजला, की बंदरातल्या होड्या हलल्या असतील. गुजरातहून आलेला ट्रकवाला खोक्यांमागे लपला. शेठ जन्मात घाट चढला नव्हता, तरी शब्द वर्मी बसला होता. गंजाडच्या आदिवासी पाड्यांवरून चिकू निवडायला येणारे आम्ही सगळे हातातलं काम टाकून शेठच्या बाजूने धावलो. ट्रकवाल्याची कॉलर मीच धरली, अशी की तो वीतभर उंच झाला. त्याने सगळ्यांसमोर कान पकडले. मग शेठने माणसाच्या इज्जतीवर इतकं लांब भाषण ठोकलं, की टोपलीतले कच्चे चिकू ऐकता ऐकता पिकले. ते संपवून तो माझ्या वडिलांकडे वळला, "ए जंगली, चहा सांग सगळ्यांना." वडील त्याच्या बापाच्या वेळेपासून वखारीत होते. माझ्या अंगात कॉलर धरल्याची रग होतीच. म्हणालो, "शेठ, आता बाबांची माफी मागा." वडिलांनी माझा हात दाबला. आजही पिकल्या चिकूचा वास आला, की शेठचा आवाज ऐकू येतो. तो रागावलासुद्धा नाही. म्हणाला, "तुम्हाला कुठे लागतं रे ते?"