गौराचा हात

फिट आली की कुणीतरी धावत येऊन माझ्या बायकोच्या नाकाला चप्पल लावायचं. चपलेच्या वासानं माणूस शुद्धीवर येतो, अशी आमच्याकडची समजूत. गौरा शुद्धीवर यायची आणि तीच चप्पल हिसकून लावणाऱ्याच्या गालात हाणायची. "मेले हाय का मी, तोंडावर जोडा ठेवाया?" माझ्याही गालावर बसलीय. शेजारच्या कस्तुराबाईनं तर कैकदा खाल्ली, तरी दर वेळी चप्पल घेऊन तीच हजर.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराला तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. फिट थांबली. पण हिरड्या सुजल्या, पाय लटपटायला लागले, बसल्या जागी डोळा लागायचा. भांडण तर गेलंच. शिव्यांशिवाय भाकर मला गोड लागेना.

त्यात दुष्काळ पडला. टँकर कोरड्या विहिरीत पाणी ओतायचा आणि बाया पोहऱ्यांनी एकमेकींची डोकी फोडायच्या. पूर्वी गौरा काठावर आली की वाट व्हायची. आता कस्तुरा तिचा पोहरा ढकलून म्हणायची, "गोळी खाऊन निजा गौराबाई, पाणी आमी पिताव." घागर रिकामी घरी यायची.

डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एकदम सोडायची नाही; त्रास झाला तर या, हळूहळू बदलू. मी म्हणालो, "चल लातूरला."

"अन् पाणी कोण आणील? तुमी? फिट मला घटकाभर पाडती. गोळी दिसभर पाडून ठिवती."

गोळ्या चुलीत गेल्या.

थोड्याच दिवसांत ती विहिरीवर उभी राहिली. कस्तुराची घागर दगडावर आपटून चेपवली, तिच्या झिंज्या उपटल्या आणि भरली घागर घेऊन आली. सुजल्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ती हसत होती. तसं हसताना तिला लई दिवसांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडली. एक फिट सरली की दुसरी, मधे शुद्ध नाहीच. टँकरवाल्यानं पाणी न ओतताच आम्हाला केबिनमधे घेतलं, उदगीरच्या दवाखान्याकडं टँकर पळवला. कस्तुरा न विचारता चढली. गौराचं डोकं तिच्याच मांडीवर. वाटेत अंग आपटायचं थांबलं. मला वाटलं, उतरली फिट. कस्तुरानं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली.

गौराचा हात हलला नाही.

मग कस्तुरानं तीच चप्पल तिच्या मुठीत कोंबली आणि गाल पुढं केला. "हाण गं," म्हणाली. "हाण की, भवाने."