फक्कीचा डबा

प्रमिला गेल्याचं मला तिच्या विद्यार्थ्यांच्या मागून कळलं. सावनेरला घरी मी तूर निवडत बसले होते. फोन वाजला आणि पलीकडून एक मुलगी रडत म्हणाली, "आजी, मॅडम गेल्या." मी विचारलं, कोणत्या मॅडम? माझ्या तोंडी ती कधी मॅडम नव्हतीच. मग कळलं की आदल्या दिवशी मैदानावरच तिच्या छातीत दुखलं, पोरांनीच दवाखान्यात नेलं, पोरंच उशाशी बसली, आणि सगळं संपल्यावर कोणाला तरी आठवलं की मॅडमना एक मोठी बहीण आहे. मी नागपूरला पोचले तेव्हा तिच्याभोवती एवढी गर्दी होती की, "जरा सरका, मी बहीण आहे," असं मला म्हणावं लागलं. ते माझ्या मनातून जात नाही. दुःख मागाहून आलं. त्या घडीला मला त्या पोरांचा हेवा वाटला.

हेवा मला नवा नव्हता. प्रमिला विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकवायची. हा काय विषय आहे, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. खेळ शिकवते का, तर नाही. स्पर्धा कशी भरवायची, मैदान कसं आखायचं, कोणाचा सामना कोणाशी लावायचा, पाणी कुठे ठेवायचं, पंच कुठे जेवतील, असलं सगळं. मी तिला म्हणायची, "पोरी धावतात अन् तू धावायचं टाइमटेबल शिकवतं." ती हसून म्हणायची, "टाइमटेबल नसलं तं पोरी उन्हातच उभ्या राहतात ना, ताई." ज्या खेळापायी मी मायच्या हातचा मार खाल्ला, त्याच खेळाचा तिला पगार मिळत होता. नागपुरात सदर भागात तिची स्वतःची खोली होती, दाराला स्वतःच्या नावाची पाटी होती. लग्न केलं नाही. ती कोणाला विचारून जेवत नसे की कोणाला विचारून झोपत नसे. मी तिच्याकडे दोन दिवस राहायला गेले की तिसऱ्या दिवशी भांडून परत यायची. कारण काहीही असे, चहातली साखरसुद्धा. खरं कारण ती पाटी असायची.

आमचं गाव पारशिवनीच्या बाजूला. माय रोजानं धानात जायची, बाप गिट्टी फोडायच्या कामावर. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास करायचा, हा नेमच होता, आणि मी चौथीपर्यंत तो पाळला. मग प्रमिला झाली. तान्ह्या पोरीला सांभाळणार कोण, तर मी. शाळा सुटली. पुढे माझं लग्न सावनेरला खाणीत काम करणाऱ्या माणसाशी झालं, आणि प्रमिला मात्र शिकत गेली. बाप सांगायचा, एक तरी शिकली पाहिजे. ती एक मी नव्हते, एवढंच.

शाळा सोडताना मास्तरांनी मला दुधाच्या भुकटीचा एक रिकामा डबा दिला होता. पत्र्याचा, उंच. मी त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, आत चुलीची राख भरली आणि डबा हलवत हलवत समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेत खो-खोच्या रेघा मारल्या. डावीकडे कडेवर प्रमिला, उजव्या हातात डबा. मला खेळायला मिळायचं नाही, पोर कडेवर असताना कोण धावणार? पण रेघ माझी असायची. रेघेबाहेर कोण गेलं ते मी ठरवायची, आणि माझ्याहून मोठी पोरंही ऐकायची. माझ्या लग्नानंतर तो डबा घरीच राहिला आणि पुढे प्रमिलाबरोबर नागपूरला गेला.

तिच्या वर्गात मी एकदाच बसले. वर्ग म्हणजे मोकळं मैदान. दरवर्षी पहिल्या तासाला ती पोरांना तिथे न्यायची. रेघा मारायचं चाकांचं यंत्र खोलीत ठेवून, तो डबा फक्की भरून सोबत घ्यायची. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. पोरांना विचारायची, उद्या इथे स्पर्धा आहे, काय काय लागेल? कोणी मंडप म्हणालं, कोणी माइक, कोणी पाहुणे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पहिले रेघ लागते. रेघ नसली तं खेळ होत नाही, भांडण होते. रेघेनंतर पोरींसाठी आडोसा. पाहुणे सगळ्यात शेवटी." मला ते आवडलं. मग तिनं डबा वर धरून सांगितलं, "हा माझ्या मायनं केला." मी मागे दगडावर बसून शेंगा खात होते. शेंग हातातच राहिली.

परतताना ऑटोत मी विषय काढला. "काहून वं, डबा मायनं केला हे तुले कोणं सांगितलं?"

"कोण सांगन? मलेच आठवते. मी मायच्या कडेवर होती. ती रेघ माराले वाके तं माह्यं डोकं एकदम खाली जाय, जमीन नाकाजवळ ये."

"माय धानात राहे दिवसभर. ती कड माही होती."

"तू तं तवा लहान होती, ताई."

"म्हणूनच डोकं खाली जाय. मोठ्या बाईच्या कडेवरून जमीन नाकाशी येते का?"

सदर येईपर्यंत ती बाहेरच पाहत राहिली. उतरताना माझा हात धरून म्हणाली, "माय म्हटलं तं पोरं चूप बसून ऐकतात." मी हात सोडवून घेतला. पुढच्या वर्षी ती काय सांगते, याची मी वाट पाहिली. विचारलं मात्र नाही. आमच्यात डब्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी तिच्या विभागानं आदरांजलीची सभा ठेवली. व्यवस्था चोख होती, तिच्याच पोरांनी केलेली. दाराशी पाणी, म्हाताऱ्यांसाठी पुढच्या खुर्च्या, भाषणं मोजकी. निकिता म्हणून तिची विद्यार्थिनी आता तिथेच शिकवते. तिनं मला हाताला धरून काचेच्या कपाटाशी नेलं. आत प्रमिलाची शिट्टी, टोपी, फोटो. मधली जागा रिकामी होती आणि तिच्यापुढे छापील पाटी, 'मॅडमच्या आईंनी बनवलेला डबा'. डबा माझ्या हातात देऊन निकिता म्हणाली, "आजी, तुमच्या हातानं ठेवा."

म्हणजे प्रमिलानं शेवटपर्यंत तेच सांगितलं होतं.

"हे चूक आहे," मी म्हटलं. "डबा मी केला. ती माझ्या कडेवर होती."

खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. निकितानं क्षणभरही वाद घातला नाही. पर्समधून पेन काढून म्हणाली, "आजी, नाव सांगा तुमचं. आत्ता बदलते."

इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. पाटी, तिच्यावर माझं नाव, आणि वाचायला ही सगळी शिकलेली माणसं. निकिता पेन धरून थांबली होती. मी कपाटाकडे पाहिलं. शिट्टी त्यांची, टोपी त्यांची, तिचा शेवटचा दिवससुद्धा त्यांचाच. आता हा डबाही काचेआड जाणार, आणि मी वर्षातून एकदा पाहुणी म्हणून येऊन तो पाहणार...

"नाव नको," मी म्हटलं. "तिची सारी नोकरी तुमच्यापाशी आहे. डबा त्याच्या आधीचा आहे." आणि तो पिशवीत टाकला.

निकिताचे डोळे भरले, पण पोरगी प्रमिलाच्याच हाताखालची. तिनं विचारलं, "मग पहिल्या तासाला आम्ही काय नेऊ, आजी?"

"दुसरा डबा घ्या," मी म्हटलं, "अन् खिळा."

डबा आता माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. आत थोडी फक्की उरली आहे, त्यामुळे उचलला की खाली पांढऱ्या ठिपक्यांचा गोल दिसतो. मी तो पुसते. परवा अंगणात नेऊन एक रेघ मारून पाहिली. कंबर वाकत नाही, रेघ वाकडी आली. पण उजव्या हातानं डबा हलवायला लागले, तसा डावा हात आपोआप कमरेशी गेला आणि तिथे गोल होऊन थांबला, पोर घसरू नये म्हणून धरतात तसा. कडेवर काही नव्हतं. तरी रेघ पुरी होईपर्यंत मी तो काढला नाही.