माशाचा श्रावण

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी काचेवर टिचकी मारतो आणि म्हणतो, फुगवून दाखवा ना. मी आता उत्तरच देत नाही. हा मासा घाबरला की पाणी गिळून फुगतो, कुणाच्या करमणुकीसाठी नाही. फुगाच बघायचा असेल तर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, जाऊन विकत घ्यावा.

मासा माझ्या मुलीचा. समुद्रातला, बोटाएवढा, पांढुरक्या अंगावर काळे पट्टे, दोन्ही डोळे दोन दिशांना फिरणारे. नोकरीसाठी ती बंगळूरला गेली आणि खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या गळ्यात पडली. दर आठवड्याला मीठ कालवून या नाशकात मी समुद्र तयार करते. जाताना तिने एक गोष्ट बजावून सांगितली होती. याचे दात उंदरासारखे जन्मभर वाढतात, म्हणून शिंपल्या किंवा कवचासकट कोळंबी कुरतडायला मिळालीच पाहिजे, नुसत्या डब्यातल्या सुक्या गोळ्यांवर भागत नाही.

मग श्रावण लागला. सासूबाईंनी आदल्या दिवशीच फ्रीजरमधली शिंपल्यांची पिशवी बाहेर काढून टाकायला लावली आणि फ्रीज गरम पाण्याने पुसून घेतला. मी दातांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाल्या, "महिनाभर गोळ्या खाऊन काय मरत नाय तो. आपण नाय का राहत?"

नवऱ्याला विचारलं, तर अंबडच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस म्हणाला, तुम्ही दोघी बघा. श्रावण संपला तर गणपती आले. गणपती गेले तर पितृपक्ष. माशाच्या दातांना कुणी पंचांग दाखवलं नव्हतं, ते वाढतच राहिले. मी दिसले की तो काचेशी येऊन शेपूट हलवायचा, गोळी तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. पोट खपाटीला गेलं. माझा इतका संताप व्हायचा की देवघरातल्या घंटेचा आवाजही नकोसा झाला होता.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. गाय, कुत्रा, पोपट सगळं बघतो, मासा नाही, असं ते म्हणाले. वर विचारलं, फुगतो का हो तो? मी फोन ठेवला.

शेवटी मुलीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तूच काप. वाडग्यात टाकीतलं पाणी घेऊन त्यात लवंगेच्या तेलाचे थोडे थेंब घुसळायचे, त्यात तो गुंगला की दातांचं टोक कापायचं. पाण्याबाहेर मात्र काढायचं नाही, हवा गिळली तर ती त्याला बाहेर टाकता येत नाही.

मी पिशवी उचलून दुकानात निघाले, तर सासूबाईंनी त्यांच्या खोलीतून बाटली आणून दिली. त्यांचे मोजकेच दात उरलेत आणि तेही ठणकतात, त्यावर लावायचं तेल. त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. त्याने गोळी घेतली, थुंकली. पुन्हा घेतली, थुंकली.

"ताट समोर हाय आन् चावता येत नाय," त्या हळूच म्हणाल्या.

वाडगं त्यांनी धरलं. मासा कलंडला, कल्ले सावकाश हलत राहिले. माझ्या नखं कापायच्या छोट्या कात्रीने मी एकदा कचकन कापलं, मग दुसऱ्यांदा. टाकीत सोडल्यावर बराच वेळ तो तळाशी पडून होता. तो सरळ झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जा, शिंपल्या आण."

"आई, पितृपक्ष आहे."

"पितरांना कळतं, उपाशी कोण हाय ते."

बाजारात जाताना मला रडूही येत होतं आणि रागही. श्रावणाच्या आदल्या दिवशी मी वेगळं काय सांगत होते?

संध्याकाळी शेजारीण आली. मासा शिंपली फोडत होता, काचेबाहेरही बारीक कट्कट् ऐकू येत होती. तिने सवयीने टिचकी मारायला बोट पुढे नेलं. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या, "जेवतोय तो."