सात नंबरची सावली

मध्यंतरात फोन चालू केला, तर कांबळेकाकूंचे सहा मिस्ड कॉल. खराडीच्या आमच्या स्टुडिओने त्या सकाळी सगळ्या स्टाफला युद्धपट बघायला नेलं होतं, कारण त्यातली लढाई आम्हीच कॉम्प्युटरवर बनवलेली. आमच्यासोबत काम करणारे कांबळेकाका आले नव्हते. छातीत दुखतंय म्हणाले, पाणी आणेपर्यंत... काकू एवढंच सांगू शकल्या. ते गेले दहाच्या सुमारास. म्हणजे त्याच वेळी आम्ही पडद्यावर काकांना गोळी लागून पडताना बघत होतो. एकदा नव्हे, निदान पंधरा वेळा.

हे नीट सांगायला हवं. चित्रपटात हजारो सैनिक दिसतात, शूटिंगला होते जेमतेम साठ. बाकीच्यांसाठी ऑफिसातल्याच बारा जणांचे चेहरे आणि अंगकाठी मापून घेतली, मिशा लावल्या, चिखल फासला आणि रणांगणभर पसरून दिली. सात नंबर म्हणजे कांबळेकाका. जेवणाच्या सुट्टीत आम्ही विचारायचो, काका, आज किती वेळा शहीद झालात? तेही हसून आकडा सांगायचे.

काका मूळचे सिनेमाचे बॅनर रंगवणारे. नारायण पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिडीवर चढून नटनट्यांचे पुरुषभर उंचीचे डोळे काढायचे. फ्लेक्स आलं, धंदा बसला, आणि हा गृहस्थ चाळिशीनंतर माऊस धरायला शिकला. जुनी सवय एकच राहिली. टेबलावर दाढीचा गोल आरसा असायचा. काम झालं की स्क्रीनकडे पाठ करून आरशात बघायचे. सरळ बघून डोळा सरावतो, उलटं बघितलं की चूक सापडते, असं त्यांचं म्हणणं. या चित्रपटातली चूकही त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. "मृणाल, दिसतंय झकास. पण तीन तासांत एकाही सैनिकाच्या आईचं नाव कळत नाही. रडायचं कुणासाठी?" मी म्हटलं, काका, लोक धूर बघायला तिकीट काढतात, रडायची सोय घरी असते. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

शेवटच्या शॉटमध्ये लढाई संपलेली. मावळतीचं ऊन, आणि मैदानभर प्रेतं. तपासणी माझ्याकडे होती. डाव्या कडेला एक सैनिक नुसता उभा. सात नंबर. मी शेरा मारला, एक जण पडायचा राहिलाय, काढा. काका कधी नव्हे ते माझ्या टेबलाशी आले. "राहू दे ना गं एक. घरी निरोप न्यायला कुणीतरी नको?" मी मान वर न करता म्हटलं, काढा काका, उद्या पाठवायचंय. "बरं" म्हणाले आणि गेले. संध्याकाळी शॉट आला, मी पास केला.

जलदान विधी झाल्यावर वारज्याला काकूंना भेटायला गेले. त्यांनी चित्रपट पाहिला नव्हता. म्हणाल्या, "सगळा नको दाखवूस. त्यात हे जिथं जिवंत आहेत ना, तेवढंच दाखव." मी हो म्हणून बसले. मग चार दिवस एकेक फ्रेम धुंडाळली. सात नंबर जिथं जिथं आहे तिथं पडतोय, किंवा पुढच्या क्षणी पडणार आहे. एकच काय तो उभा होता, त्याला मीच काढायला लावलं होतं. आणि चित्रपट पोचता झाला की शॉटच्या आधीच्या फाइली पुसून टाकतात. भर दुपारी, सगळ्या ऑफिसदेखत मी रडले.

काकांच्याच खुर्चीत बसले होते. स्क्रीनवर तो शेवटचा शॉट थांबलेला. डोळे पुसायला पाठ फिरवली आणि समोर आरसा आला... आरशात चिखलावर एक लांब सावली दिसली. उभ्या माणसाची. सावलीच्या मुळाशी माणूस नव्हता. आमच्या कामात सावली वेगळी बनते. माणूस काढला की तीही काढायची, हे नवशिक्यालाही माहीत असतं. काका विसरतील? आणि मी तो शॉट पन्नासदा बघितलेला, अख्ख्या थिएटरनं बघितलेला.

काकूंना ऑफिसात घेऊन आले. स्क्रीनकडे बराच वेळ बघूनही त्यांना काही दिसेना. मग त्यांना स्क्रीनकडे पाठ करायला लावून हातात आरसा दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. "डावा खांदा बघ," म्हणाल्या. "शिडी वाहून वाहून उतरलेला. हेच आहेत." मला राहवलं नाही. म्हटलं, काकू, ते इथं उभे होते, मीच काढून टाकायला सांगितलं.

काकू आरशातून नजर न काढता म्हणाल्या, "आणि त्यांनी ऐकलं म्हणतेस? माझं तर कधी ऐकलं नाही."

निघताना आरसा पुसून मी त्यांच्या पिशवीत ठेवायला गेले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि परत टेबलावर, होता त्याच जागी, स्क्रीनकडे तोंड करून ठेवला.

"असू दे इथंच," म्हणाल्या. "त्यांना लागतो."