भेगेतला काळा रंग

अकोल्याच्या दुकानात मी शिलाई मशीन नेली, तेव्हा गॅरंटीचे आठच दिवस उरले होते. मशीनच्या बुडाची भेग बघून दुकानदार म्हणाला, "बाई, ही तुम्ही पाडली. गॅरंटीत बसत नाही." घरीही सगळ्यांना तसंच वाटत होतं.

सुया घ्यायला आलेले एक म्हातारे शिंपी पुढे झाले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सुईने भेग हळूच खरवडली.

"आत कारखान्याचा काळा रंग हाये. भेग रंगाच्या आधीचीच हाये. बाईनं कायले पाडली असंन?"

दुकानदाराने गॅरंटीचा कागद भरला. मी शिंप्यांचे आभार मानू लागले, तर ते म्हणाले, "आभार कायचे? खरं होतं, थे बोललो."

बुडाचा नवा भाग महिन्याने आला. पण दुकानातून परतले त्या संध्याकाळीच मी घरात ताठ मानेने शिरले, ते त्यांच्यामुळे.