हँडल मारण्याआधीचा एक शब्द

जुन्या विलायती मोटारीचं हँडल उलटं फिरतं आणि एक म्हातारा मातीत आडवा होतो, तो व्हिडिओ पाहून तुम्हीही हसलात ना?

तो म्हातारा माझा बाप आहे.

ब्रह्मपुरीजवळच्या एका लाकूड ठेकेदाराला त्याच्या आजोबांची सहा सिलिंडरची गाडी पोराच्या वरातीत फिरवायची होती. ती सुरूच होत नव्हती. झालीच तर अडखळायची आणि आतून टकटक यायची. राजेरजवाड्यांसाठी बनलेल्या या गाड्यांची सगळी मिजास आवाज न करण्यात.

"मिस्त्री, बोनेटवर चहा ठेवीन," ठेकेदार म्हणाला. "हालला तं गाडी तुमीच ढकलत नेजा."

पाहुणे हसले. अब्बांनी पिशवीतून सागाची हातभर काडी काढली. एक टोक चालत्या इंजिनाला, दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटून काडी सरकवत ते तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबले. "इथी हाय." तिथल्या वॉल्व्हची फट वाढली होती. ती मापात आणली. मग ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे जळके पॉइंट घासले, फुटका प्लग बदलला. दोन दिवस गेले.

उरलं हँडल, इंजिन सुरू करायला गाडीच्या तोंडाशी खुपसून फिरवतात ते. या गाड्यांच्या स्टिअरिंगवर एक लिव्हर असतो. वर असला की ठिणगी उशिरा पडते, खाली ओढला की लवकर. हँडल मारताना तो वरच हवा. नाहीतर पिस्टन अर्ध्यातून मागे फिरतो आणि हँडल माणसाच्या हातावर उलटतं. म्हणून अब्बांची एक रीत होती. हँडलला हात लावण्याआधी ते ओरडून विचारायचे, "लेट?" सीटवर मी असायची. लिव्हर हाताने चाचपून मी म्हणायची, "लेट!" त्याशिवाय त्यांनी कधी हँडल मारलं नाही.

त्या दिवशी नवरदेव आला. "ए, उतर. सीटले ग्रीस लावून राह्यली."

मी अब्बांकडे पाहिलं. "उतर जा बेटा," ते म्हणाले. त्याला त्यांनी लिव्हर दाखवला, दोनदा समजावलं. "मी विचारीन. पाहूनच सांगजा, भाऊ."

"समजलं ना, काका. मी का येडा हाओ काय?"

मी उतरले. लिव्हर दिसत नव्हता अशा बाजूला उभी राहिले. ही माझी चूक, आणि ती मी कुणाच्या माथी मारणार नाही.

अब्बांनी विचारलं, "लेट?"

"लेट!"

कडकन आवाज आला. तो इंजिनाचा नव्हता.

मी धावत दाराशी गेले. लिव्हर तळाला होता. नवरदेव स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. "म्हटलं, पाहू तं काय होते!" अंगणातले फोन आधीच वर झाले होते. मग त्यानं लिव्हर वर केला, ठेकेदाराच्या ड्रायव्हरनं हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली. ठेकेदारानं बोनेटवर चहा ठेवला. चहा हलला नाही. टाळ्या पडल्या. अब्बा मनगट पोटाशी धरून मातीतच बसले होते, आणि त्यांची मान इंजिनाकडे कलली होती. ते ऐकत होते.

मनगट वाकडं जुळलं. वॉल्व्हची फट ज्या बोटांना कळायची ती आता पेचकसही धरत नाहीत. पण ठेकेदारानं सगळीकडे सांगितलं, "बुढ्ढा लिव्हर विसरला." गडचिरोलीपासून चंद्रपूरपर्यंत कुणी आता त्यांना गाडी नुसती ऐकायलासुद्धा बोलावत नाही. घरी ते डाव्या हाताने काडी मिक्सरला लावून बसतात.

त्या पोराचं मनगट त्याच हँडलखाली यावं, असं मला वाटतं. खोटं कशाला बोलू? पण ते मी तुमच्याकडे मागत नाही.

तो व्हिडिओ पुन्हा उघडा. आवाज मोठा करा. म्हातारा पडण्याआधी काय विचारतो आणि आतून हसत काय उत्तर येतं, ते ऐका. मग जिथून तो तुमच्याकडे आला, तिथंच खाली लिहा: मिस्त्रीनं विचारलं होतं.