मिठाला जागणारे परग्रहवासी

माझ्या आईने आजवर माझं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. तिला वाचनाचा कंटाळा आहे म्हणावं, तर तसंही नाही. वाचनालयातली उशीएवढी कादंबरी ती दोन दुपारांत फस्त करते आणि वर 'लिवनाऱ्यानं उगं तानलंय' असा शेरा मारून परत पाठवते. माझ्या पुस्तकात मात्र ती खूण म्हणून खराट्याची काडी घालते आणि ती काडी तिथेच म्हातारी होते. कथासंग्रहात ती अजून पान बारावर आहे. कवितासंग्रहात कुठे आहे ते कळायला मार्ग नव्हता, कारण तो ज्वारीच्या कोठीखाली होता. कोठी हलत होती म्हणे.

त्यामुळे पुण्याच्या एका प्रकाशकाने परग्रहवासीयांच्या गाजलेल्या परदेशी मालिकेवरून मराठी कादंबऱ्या लिहायचं काम दिलं, तेव्हा मनात पहिला विचार आला की हे तरी आई वाचेल. कारस्थानं, भांडणं, घरात शिरलेली परकी माणसं, सगळा मालमसाला तिच्या आवडीचा. संपादकांची अट एकच होती: गाव आपल्याकडचं घ्या, बाकी गोष्ट मालिकेप्रमाणे. मालिकेत यान वाळवंटात उतरतं, मी ते होटगीच्या पुढे ज्वारीच्या रानात उतरवलं. लगेच पंचाईत झाली. मालिकेत अचानक उकडायला लागतं आणि त्यावरून लोकांना कळतं की काहीतरी आक्रीत घडतंय. सोलापुरात उकडण्यावरून कुणाला काय कळणार? शेवटी मी यानाबरोबर गार वारा सोडला. तेव्हा कुठे माझी पात्रं घाबरून घराबाहेर आली.

पहिल्या प्रकरणाचे कागद आईला दिले. ती कडक भाकरी करत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला बसली. मी शेजारच्या खोलीत टाइप करायचं सोंग घेऊन कान तिकडे लावून होतो. थोड्याच वेळात भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. जाऊन पाहतो तर कागदांत काडी.

"का गं? आवडलं नाही?"

"हे तिघं आबाळातनं आल्यात," आई म्हणाली. "दारात हुबं हायत. आन् तुजी ती बाई त्यांना इचारती, कोन तुमी, कुटनं आला. पानी न्हाय इचारलं."

"आई, ते पृथ्वी नष्ट करायला आलेत."

"ते मागनं. आदी पानी."

मालिकेत पाणी नाही, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. "मंग मालिका लिवनाऱ्याच्या घरी कुनी येत नसंल," म्हणून तिने तव्यावरची भाकरी उलटली.

मी रागारागाने पाण्याचा तांब्या लिहिला. काडी तीन पानं सरकली आणि पुन्हा अडली. नुसत्या पाण्यावर कुणाला वाटेला लावतात का, असं तिचं म्हणणं. मग कडक भाकरी आली, शेंगाचटणी आली, दही आलं. नळाला चार दिवस पाणी आलेलं नसताना बाईने भरला तांब्या पुढे केला असं लिही, म्हणजे तिचा स्वभाव कळेल, हेही आईनेच सुचवलं. कबूल करायला जड जातं, पण प्रसंग रंगला. एका परग्रहवासीयाने भाकरी मोडली, तेव्हा तो कडाड आवाज ऐकून बाकीच्या दोघांनी शस्त्रं उपसली, हे लिहिताना मी एकटाच हसत होतो. काडी पळत होती.

मग मालिकेप्रमाणे त्या तिघांच्या म्होरक्याने शहरावर हल्ला केला आणि पहिलं घर त्या बाईचंच उडवलं. त्या रात्री आईने ताट माझ्यापुढे आदळलं.

"खाल्ल्या मिठाला जागायचं का न्हाय?" ती म्हणाली.

"त्यांच्या ग्रहावर तशी पद्धत नाही."

"त्यांच्याकडं नसंल. चटनी तर हितली हाय न्हवं?"

हल्ला नाही तर कादंबरी नाही, आणि हल्ला केला तर माझी वाचक गेली. इकडे संपादकांचे फोनवर फोन. दोन दिवस कुढत काढले आणि मग नाक मुठीत धरून स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, आता तूच सांग, हल्ला कसा करू. आई सुपात शेंगदाणे पाखडत होती. पाखडणं न थांबवता ती म्हणाली, "म्होरक्याचा उपास हुता म्हन."

"परग्रहावर उपास?"

"त्यांच्याकडंबी कसला तरी वार असंलच की. बाकीचे दोगं जेवले. ह्येनं नुस्ता दान्याचा लाडू घेतला, गुळाचा. मिठाचा कन न्हाय पोटात. त्यो मोकळा."

म्हणजे म्होरक्या हल्ला करणार आणि मीठ खाल्लेले ते दोघे बाईच्या दारात आडवे उभे राहणार. मालिकेत ते दोघे पुढे म्होरक्यावर उलटतात. का उलटतात, ते मालिका बघणाऱ्या कुणालाच आजवर कळलेलं नाही. मी तसंच लिहून पाठवून दिलं.

संपादकांचा फोन आला. "हल्ल्याच्या आधी पाच पानं जेवण आहे," ते म्हणाले. मी मिठाचं सांगितलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "म्हणून ते दोघे उलटतात होय? राहू द्या." आणि फोन ठेवता ठेवता शेंगाचटणी कुरिअरने मिळेल का, असं विचारलं.

पुस्तक छापून आलं. मी ते आईच्या हातात दिलं आणि येता-जाता काडीवर नजर ठेवली. ती पान बारा ओलांडून गेली, हल्ल्याच्याही पुढे गेली. एका दुपारी बाहेरून आलो तर काडी खिडकीत पडली होती आणि पुस्तक मिटलेलं होतं. मला इतका आनंद झाला की चपला काढायच्याही राहिल्या.

"कसं वाटलं?"

"बरं हाय," आई म्हणाली. एवढं तिने कुठल्याच लेखकाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "पन त्या दोगांना जाताना बाईनं लाडू बांदून दिलते. स्टीलच्या डब्यात. त्यो डबा परत आल्याचं कुटं न्हाय."

"आई, शेवटच्या पानावर यान फुटतं."

"फुटायच्या आदी खाली टाकायचा."

एवढं बोलून ती उठली. कोठी एका हाताने कलती करून तिने माझा कवितासंग्रह बाहेर ओढला, पदराने त्याच्यावरची धूळ झटकली आणि खिडकीतली काडी घेऊन पहिल्या पानात घातली.

कोठी आता हलते. हलू दे.